कॅमेरा घ्यावा का फोनच पुरे? आधी आपले बिघडलेले फोटो तपासा

रोजचे फोटो काढायला वेगळा कॅमेरा घ्यावा का फोनवरच भागतं, हा विषय निघाला की गाडी लगेच मेगापिक्सेल आणि मॉडेल नंबरवर जाते आणि त्यातून कोणाचंच काही ठरत नाही. त्यापेक्षा एक काम करा. फोनची गॅलरी उघडा आणि मागच्या काही महिन्यांतले जे फोटो तुम्हाला आवडले नाहीत तेवढे एका अल्बममध्ये टाका. चांगले आलेले फोटो सध्या बाजूला ठेवा, त्यातून हा निर्णय होणार नाही. बिघडलेल्या प्रत्येक फोटोवर थांबा आणि हा नेमका कशामुळे गेला ते बघा. कारणं फार नसतात: उजेड कमी होता, समोरचं माणूस हललं, जे काढायचं होतं ते खूप लांब होतं, चेहरा कसातरीच आला, ऊन-सावलीत अर्धा फोटो पांढरा पडला, नाहीतर फोटोत बघायचं काय हेच कळत नाही. यातल्या काही गोष्टी कॅमेऱ्याने खरंच सुटतात, बऱ्याचशा फोनवरच सुटतात, आणि ती शेवटची कितीही महाग वस्तू घेतली तरी सुटत नाही. तुमचा कुठला ढीग मोठा निघतो त्यावर सगळं ठरतं.

हे करताना फोटोची माहितीही उघडून बघा. बहुतेक फोनमध्ये फोटो वर सरकवला किंवा डिटेल्समध्ये गेलं की शटर स्पीड, आयएसओ आणि कुठली लेन्स वापरली ते दिसतं. शटर स्पीड म्हणजे सेन्सरवर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपवर, उजेड किती वेळ पडला तो. १/५०० सेकंद असेल तर पळणारं पोरही बऱ्यापैकी थांबलेलं दिसतं, १/२० असेल तर नुसती मान वळवली तरी चेहरा पुसट होतो. आयएसओ म्हणजे मिळालेला सिग्नल किती वाढवला तो, हा आकडा दोन-तीन हजारांवर गेलेला दिसला तर समजायचं की उजेड फारच कमी होता. अजून एक खूण सांगते, फार कामाची आहे: फोटोतलं माणूस पुसट आणि मागची भिंत मात्र स्वच्छ असेल तर माणूस हललेलं आहे, सगळंच पुसट असेल तर तुमचा हात हललाय किंवा फोकस चुकलाय, आणि सगळीकडे धुरकट पांढरट झाक असून दिव्यांभोवती रेघा दिसत असतील तर लेन्सवर बोटांचा तेलकट डाग आहे. हा शेवटचा प्रकार इतका कॉमन आहे की अर्ध्या लोकांना नव्या कॅमेऱ्याची नाही तर एका स्वच्छ सुती कापडाची गरज असते, खरंच.

सेन्सरचं गणित, एकदाच

फोन आणि कॅमेरा यांच्यातला मोठा फरक सेन्सरच्या आकाराचा आहे. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिमी. एपीएस-सी, जो नवशिक्यांसाठीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत असतो, तो साधारण २३.५ बाय १५.६ मिमी, म्हणजे ३६५ च्या आसपास. त्याहून लहान, काही कॅमेऱ्यांत असतो तो मायक्रो फोर थर्ड्स १७.३ बाय १३ मिमी. आणि महागड्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात ज्याला १/१.३ इंच म्हणतात तो सेन्सर असतो, तो साधारण ९.८ बाय ७.३ मिमी, म्हणजे ७० च्या थोडा वर. त्याच फोनचे वाइड (रुंद दृश्य घेणारे) आणि टेली (लांबचं जवळ आणणारे) कॅमेरे बहुतेक वेळा याहून लहान सेन्सरचे असतात, म्हणून दिवसा तिन्ही कॅमेरे सारखे वाटतात आणि रात्री मुख्य कॅमेरा सोडून बाकीचे एकदम गळपटतात.

एवढ्या लहान सेन्सरवर फोन इतके चांगले फोटो काढतो तो सॉफ्टवेअरच्या जोरावर. तुम्ही बटण एकदा दाबता पण फोन पटापट अनेक फ्रेम्स घेतो, त्या एकमेकांवर जुळवतो आणि त्यातून दाणे (कमी उजेडात फोटोवर येणारे बारीक ठिपके) कमी करतो. २०१८ मध्ये गुगलने पिक्सेल फोनवर नाइट साइट आणलं तेव्हा लोकांना पहिल्यांदा कळलं की ही युक्ती अंधारात कुठवर जाऊ शकते, आता जवळपास सगळ्याच कंपन्या असं काहीतरी करतात. पण यात एक अट आहे, समोरचं दृश्य स्थिर पाहिजे. इमारत, रस्ता, टेबलावरची वस्तू, शांत बसलेलं माणूस, इथे आजचा चांगला फोन रात्रीसुद्धा तुम्हाला निराश करत नाही. अट मोडली की फोन अडकतो.

घरातला दिवा आणि पळतं पोर

सगळ्यात जास्त फोटो इथेच वाया जातात म्हणून यावर जरा थांबूया. संध्याकाळ झालीय, खोलीत एकच दिवा आहे, पोर सोफ्यावरून उडी मारतंय. आपल्या डोळ्यांना खोली उजळलेली वाटते, कॅमेऱ्याच्या दृष्टीने मात्र ती अंधारी असते. फोन शटर स्पीड १/३० च्या आसपास नेतो आणि चार-सहा फ्रेम्स घेतो. प्रत्येक फ्रेममध्ये हात वेगळ्या जागी, सॉफ्टवेअरला ते जुळवता येत नाहीत, मग हलणाऱ्या भागासाठी ते एकाच फ्रेमवर भागवतं आणि वर दाणे घालवायला तो भाग गुळगुळीत करून टाकतं. निकाल काय तर सोफ्याच्या कापडाचा धागा न् धागा दिसतो आणि पोराची बोटं एकमेकांत मिसळलेली, केसांच्या जागी नुसता काळा पट्टा. तुमच्या अल्बममध्ये असे फोटो खूप असतील तर कॅमेऱ्याचा विचार करायला हे पक्कं कारण आहे.

पण थांबा, कुठला कॅमेरा आणि विशेष म्हणजे कुठली लेन्स, इथेच लोक फसतात. एपीएस-सी बॉडीसोबत (बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) बहुतेक वेळा १८-५५ मिमी सारखी किट लेन्स मिळते (लेन्सवरचा मिमीचा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), तिचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, एफ ३.५ पासून सुरू होतं (एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं) आणि झूम केलं की एफ ५.६ वर जातं. फोनची मुख्य लेन्स एफ १.८ च्या आसपास. सेन्सरचा आकार धरून हिशोब केला तर १/१.३ इंची सेन्सरवरचं एफ १.८ हे फुल फ्रेमच्या साधारण एफ ६.५ इतकं पडतं, आणि एपीएस-सी वरची किट लेन्स झूम न करता एफ ५.३ आणि पूर्ण झूम करून एफ ८.५ च्या जवळ. म्हणजे घरातल्या उजेडात किट लेन्स एकूण प्रकाश गोळा करण्यात फोनच्या जरा पुढे नाहीतर चक्क मागे, आणि वर तिच्या मदतीला ते अनेक फ्रेम्सवालं सॉफ्टवेअरही नाही. कॅमेरा घेतला आणि फोनच बरा होता असं म्हणत जे लोक तो कपाटात ठेवून देतात त्यांच्याकडे बहुतेक वेळा हीच लेन्स असते, आणि मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं कारण कॅमेरा चांगला असतो, फक्त त्याला उजेड मिळत नाही.

उपाय साधा आहे: झूम न होणारी, एफ १.८ वाली प्राइम लेन्स. एपीएस-सी वर ३५ मिमी, फुल फ्रेमवर ५० मिमी. ३५ मिमी एफ १.८ लावली की आधीच्या हिशोबाने ती एफ २.७ पडते, म्हणजे फोनच्या पाचपटीहून जास्त उजेड. मग दाणे फोनइतकेच ठेवून आयएसओ वाढवता येतो आणि १/३० चं १/१५० सहज होतं, अजून थोडा आयएसओ वाढवायची तयारी ठेवली तर १/२५० पण होतं आणि बोटं बोटांसारखी दिसतात. बॉडी जुनी घेतली तरी चालेल, पैसे लेन्समध्ये घाला.

लांबचं, आणि अगदी जवळचं

स्टेजवरचं पोर, झाडावरचा पक्षी, मैदानाच्या पलीकडची मॅच हा तुमचा मोठा ढीग असेल तर उत्तर सरळ आहे. फोनच्या टेली लेन्स फुल फ्रेमच्या हिशोबाने साधारण ७० ते १२० मिमी इतक्या पोचतात, पक्ष्यांना ४०० मिमी पण कमी पडते. त्यापुढे बोटांनी ताणून केलेला झूम म्हणजे मधला तुकडा कापून मोठा करणं, आणि हल्ली फोन त्या तुकड्यात आपल्या अंदाजाने बारकावे भरतो, त्यामुळे पिसं असल्यासारखं काहीतरी दिसतं पण जवळून बघितलं तर ती पिसं नसतात. एक अपवाद: ज्या फोनचा मुख्य सेन्सर ४८ किंवा ५० मेगापिक्सेलचा आहे तिथे २ एक्स वर बऱ्याच वेळा सेन्सरचा मधला भाग पूर्ण रिझोल्यूशनने वापरला जातो, दिवसा तो फोटो छान येतो, बिनधास्त वापरा.

जवळच्या फोटोंचं उलट आहे. फूल, अंगठी, कागदावरचा मजकूर, किडे यासाठी फोन फार सोयीचा, कारण लहान सेन्सरमुळे पुढचं-मागचं बरंच काही फोकसमध्ये राहतं. फक्त मोठ्या सेन्सरच्या फोनची मुख्य लेन्स फार जवळ फोकस करू शकत नाही, मग फोन गुपचूप वाइड लेन्सवर जातो आणि फोटो मऊ येतो. अशा वेळी थोडं मागे जा आणि २ एक्स करा.

इथे एक इशारा द्यायचाय. खिशात मावणारे स्वस्त डिजिटल कॅमेरे घेताना सेन्सर बघा. त्यातल्या बऱ्याच जणांत १/२.३ इंची सेन्सर असतो, जेमतेम ६.२ बाय ४.६ मिमी, म्हणजे चांगल्या फोनपेक्षा लहान. लांबचा झूम हवा असेल तरच त्यांचा उपयोग. जपानच्या सिपा या कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या आकडेवारीत २०१० साली १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते, २०२३ मध्ये तो आकडा ८० लाखांच्या आत आला, आणि या घसरणीत सगळ्यात जास्त गेले ते हेच कॅमेरे कारण त्यांचं काम फोनने घेतलं. खिशातलाच हवा असेल तर निदान एक इंची म्हणतात तो सेन्सर बघा, १३.२ बाय ८.८ मिमी.

चेहरा कसातरीच येतो त्याचं काय

हा दोष बऱ्याच वेळा कॅमेऱ्याचा नसून अंतराचा असतो. फोनची मुख्य लेन्स साधारण २४ मिमी इतकी वाइड असते, तिने चेहरा मोठा दिसावा म्हणून आपण अगदी जवळ जातो, आणि इतक्या जवळून नाक कानांच्या मानाने कॅमेऱ्याला फारच जवळ पडतं म्हणून मोठं दिसतं. दोन-तीन पावलं मागे जा आणि २ एक्स किंवा ३ एक्स लावा, तोच फोन, तोच चेहरा, एकदम माणसासारखा येतो. अंतर वाढलं की प्रमाण सुधारतं, लेन्सचं काम फक्त फ्रेम भरण्याचं. सेल्फीऐवजी मागच्या कॅमेऱ्याने टायमर लावून काढला तरी बराच फरक पडतो.

मागचं धूसर हवं असेल तर फोनचा पोर्ट्रेट मोड आहेच, पण तो कडा ओळखून मागचा भाग रंगवतो, त्यामुळे उडालेले केस, चष्म्याच्या काड्या, पारदर्शक कपडा इथे चुकतो. कधी लांब केलेला हातच धूसर करतो. लहान स्क्रीनवर हे खपून जातं. मोठी प्रिंट काढणार असाल, किंवा माणसांचे फोटो हीच तुमची आवड असेल, तर खरी लेन्स जे करते ते वेगळंच असतं, नाकाच्या टोकापासून कानापर्यंत धूसरपणा हळूहळू वाढत जातो आणि ते बघायला फार सुंदर वाटतं. हे मी मनापासून सांगते, ज्यांना पोर्ट्रेट आवडतात त्यांनी कॅमेरा घ्यावाच.

फोन ठेवायचं ठरलं तर एवढं करा

लेन्स पुसा, रोज. मग ज्याचा फोटो काढायचाय त्यावर बोट ठेवून थोडा वेळ दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर (फोटो किती उजळ यायचा ते) लॉक होतं, आणि बोट खाली सरकवून फोटो थोडा काळसर करा. फोनला सगळं उजळून दाखवायची सवय असते, त्यात आकाश आणि पांढरे कपडे जातात, आणि पांढरं पडलेलं परत आणता येत नाही, काळसर झालेलं आणता येतं. ऊन-सावलीच्या फोटोंत मात्र फोन कॅमेऱ्याच्या पुढे आहे हे मान्य करायला पाहिजे, खिडकीतलं आकाश आणि खोलीतलं माणूस दोन्ही एका क्लिकमध्ये तो सांभाळतो, कॅमेऱ्यावर त्यासाठी रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढून नंतर बसून एडिट करावं लागतं.

घरात माणसाचा फोटो काढताना त्याला खिडकीजवळ आणा, खिडकी त्याच्या पाठीशी नको, बाजूला हवी. एवढ्याने आयएसओ १६०० वरून २०० वर येऊ शकतो, जे कुठलंच ॲप करू शकणार नाही. फ्लॅश बंद ठेवा, फोनचा एलईडी दोन-तीन मीटरच्या पुढे जात नाही आणि जवळच्या चेहऱ्यावर तेलकट चमक आणतो. मुलं हलत असतील तर एकच क्लिक करून थांबू नका, बर्स्ट (एकापाठोपाठ एक सलग फोटो) चालवा आणि उडीच्या सगळ्यात वरच्या क्षणी, जिथे अंग एक पळभर थांबतं, तिथलाच फोटो निवडा. फोनमध्ये प्रो मोड असेल तर शटर १/१२५ ला बांधून आयएसओ ऑटो ठेवून बघा, दाणे येतील, येऊ द्या, दाण्यांचं काहीतरी करता येतं, हललेल्या चेहऱ्याचं काही करता येत नाही. एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे येत असतील तर ५० हर्ट्झ वीज असलेल्या ठिकाणी १/५० किंवा १/१०० ठेवा, ६० हर्ट्झ असेल तर १/६० किंवा १/१२०, पट्टे बहुतेक वेळा जातात.

पाठवताना व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून टाकलात तर तो लहान करून जातो, म्हणून कोणाला प्रिंटसाठी द्यायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि प्रिंटसाठी मेगापिक्सेलची चिंता सोडा, ६ बाय ४ इंची प्रिंटला ३०० डीपीआयने (एका इंचात ३०० ठिपके) १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात, म्हणजे सव्वादोन मेगापिक्सेलही नाहीत, आणि पूर्ण ए४ ला पावणेनऊच्या आसपास. फोनचे १२ खूप झाले.

कॅमेरा घ्यायचं ठरलं तर

ऑटो मोडवर ठेवलेला कॅमेरा बऱ्याच वेळा घरात १/६० वरच अडकून बसतो आणि मग पुन्हा हललेले फोटो. डायल ए किंवा एव्ही वर आणा, ॲपर्चर एफ १.८ ते २.८ मध्ये ठेवा, ऑटो आयएसओ चालू करा आणि त्याच्या सेटिंगमध्ये मिनिमम शटर स्पीड १/२५० आणि कमाल आयएसओ ६४०० घाला. ज्या बॉडीत मिनिमम शटरची सोय नाही तिथे एस किंवा टीव्ही मोडवर १/२५० लावायचं. फोकस कंटिन्यूअस वर (हलणाऱ्या माणसामागे तो फिरत राहतो), डोळे ओळखणारा ऑटोफोकस असेल तर तो चालू. जेपेग आणि रॉ दोन्ही सेव्ह करा, जेपेग वाटायला, रॉ महत्त्वाच्या फोटोला. बाकीचा मेनू पहिले काही आठवडे उघडायची गरज नाही. दोन जण पुढे-मागे उभे असतील तर एफ १.८ वर एक जण पुसट येतो, तेव्हा एफ ४ करा, हे विसरू नका.

आणि कॅमेरा बॅगेत, बॅग कपाटात, असं ठेवलंत तर तो वापरला जाणार नाही. लेन्स लावून, बॅटरी चार्ज करून, जिथे हात पोचेल तिथे पण लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. संध्याकाळी वाय-फायने पाच-सहाच चांगले फोटो फोनवर घ्या, बाकी कार्डवरून कॉम्प्युटरवर आणि एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर. कार्ड म्हणजे साठवणीची जागा समजू नका, ती बिघडतात.

सेकंडहँड घेणार असाल, आणि पहिला कॅमेरा म्हणून मी तेच सुचवेन, तर लेन्स हातात घेऊन मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे दोन-चार कण असले तर काही बिघडत नाही, पण कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक पांढऱ्या फांद्या दिसल्या तर ती बुरशी आहे, सोडून द्या. मग एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवर डाग आहेत का बघा, सगळी बटणं आणि डायल फिरवून बघा, शटर काउंट (आतापर्यंत किती फोटो काढलेत ते) विचारा, आणि घरातल्या दिव्यात कोणालातरी हात हलवायला सांगून १/२५० वर चार फोटो काढा. ते फोटो तिथेच झूम करून बघा आणि फोनने त्याच जागी काढलेला फोटो शेजारी ठेवा. फरक दिसला तर घ्या, नाही दिसला तर पैसे खिशात ठेवून घरी या.